एका फाइलीचे दोन मालक

तालुक्याच्या कोर्टासमोर टायपिंगची चार-पाच दुकानं एका ओळीत आहेत. सकाळी साडेदहाला तिथे पाय ठेवायला जागा नसते. प्रतिज्ञापत्रं, वकीलपत्रं, मुदतीचे अर्ज, सगळं अकराच्या आत छापून, सही-शिक्का होऊन आत गेलं पाहिजे. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एका दुकानदार पोराचा फोन आला. "सर, प्रिंटर कागदच ओढत नाही. कालपर्यंत व्यवस्थित होता. आज मी कशालाच हात लावलेला नाही."

मी पोचलो तेव्हा एक आजी स्टॅम्प पेपर पदराखाली झाकून बाकावर बसल्या होत्या आणि दोन वकील घड्याळाकडे बघत उभे होते. संगणकावर लिनक्स होतं. छपाईच्या रांगेत सतरा कामं अडकलेली आणि प्रत्येकापुढे एकच शेरा: 'फिल्टर फेल्ड'. प्रिंटर ठणठणीत होता, केबल नीट होती, टोनर भरलेला होता. बिघाड होता तो एका फाइलीच्या मालकीचा.

हा बिघाड समजायचा तर आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहायला हवं. लिनक्सवर छपाईचा सगळा कारभार 'कप्स' नावाची यंत्रणा पाहते. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिचं काम सुरू केलं आणि १९९९ मध्ये ती लोकांच्या हाती आली. २००७ मध्ये ॲपलने तिचा स्रोत विकत घेतला आणि स्वीट यांनाही आपल्याकडे घेतलं. मॅकवर छपाई होते तीही कप्समधूनच. आपण ज्याला एका शब्दात ड्रायव्हर म्हणतो, तो कप्सच्या लेखी दोन-तीन सुट्या भागांचा संच असतो. पहिला भाग म्हणजे पीपीडी. ही साधी मजकुराची फाइल असते आणि या प्रिंटरला कोणते कागद चालतात, दोन्ही बाजूंनी छापता येतं का, किती ठळक छापतो, याची माहिती तिच्यात असते. दुसरा भाग फिल्टर. आपल्या पानाचं त्या प्रिंटरला कळेल अशा ठिपक्यांच्या भाषेत रूपांतर करणारा हा छोटा प्रोग्राम. तिसरा भाग बॅकएंड, म्हणजे तयार झालेला माल यूएसबीने किंवा नेटवर्कने पोचवणारा हमाल.

पीपीडीत एका ओळीवर लिहिलेलं असतं की अमुक नावाचा फिल्टर वापरा. कप्स त्या नावाची फाइल शोधतं. ती नसेल, किंवा असूनही चालत नसेल, तर 'फिल्टर फेल्ड' म्हणून थांबतं. शेरा एवढाच येतो. फिल्टर कुठे गेला, कुणी नेला, हे कप्सला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं दुसऱ्याच एका दप्तराला.

ते दप्तर डेबियन या लिनक्स प्रणालीचं. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन प्रकल्प जाहीर केला. उबंटू २००४ मध्ये आलं तेही डेबियनच्याच पायावर. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात घडलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनचीच लेक. देशभरच्या जिल्हा न्यायालयांत सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने उबंटूचा वापर रुजवला, त्यामुळे आपल्याकडे कोर्टाच्या आवारातल्या माणसाला हे नाव नवं नाही. या सगळ्या प्रणालींत तळाशी बसलेला कारकून एकच: डीपीकेजी. त्याच्या वर ॲप्ट बसतो. कोणतं पॅकेज कुठून आणायचं आणि त्याला आणखी काय काय लागतं हे ॲप्ट ठरवतो. प्रत्यक्ष फाइल जागेवर ठेवून नोंद करण्याचं काम डीपीकेजीचं.

आपल्याकडे जमिनीच्या तुकड्याचा सातबारा असतो, तसा इथे प्रत्येक फाइलीचा असतो असं समजा. कोणतं पॅकेज कोणत्या फाइलींचं मालक आहे याची यादी डीपीकेजी जपून ठेवतो. नवं पॅकेज आलं की त्यातली एकेक फाइल यादीशी ताडून पाहतो. एखादी फाइल आधीच दुसऱ्याच्या नावावर निघाली आणि नव्या पॅकेजने 'मी त्याची जागा रीतसर घेतोय' अशी नोंद आणलेली नसली, तर डीपीकेजी तिथेच काम थांबवतो. जे उघडलं ते परत बांधतो आणि संदेश देतो की अमुक फाइल दुसऱ्या पॅकेजात आहे, तिच्यावर लिहायचा प्रयत्न होत होता. त्यात फाइलीचा पूर्ण पत्ता असतो, आधीच्या मालकाचं नाव असतं, त्याची आवृत्तीही असते. याहून स्पष्ट तक्रार मी कोणत्याही यंत्राकडून ऐकलेली नाही. तरी बहुतेक लोक तो संदेश वाचत नाहीत. लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करतात आणि इंटरनेटवर जाऊन, कुलूप कसं तोडायचं ते शोधतात.

कुलूप तोडायची सोय डीपीकेजीत आहे. 'फोर्स-ओव्हरराइट' असा तिचा पर्याय आहे. तो दिला की कारकून हरकत नोंदवतो आणि तरी फाइल ठेवून देतो. आता एकाच फाइलीवर दोघांचा दावा झाला. त्या क्षणी काहीच बिघडत नाही. उलट प्रिंट येते, आणि माणसाला वाटतं आपण जिंकलो. घोटाळा पुढे होतो. उद्या पहिल्या पॅकेजची सुधारित आवृत्ती आली की ती आपली फाइल परत त्याच जागी ठेवायला जाते. किंवा फाइल ज्याच्या ताब्यात आहे त्याला काढलं, तर तो जाताना ती सामाईक फाइल घेऊन जातो आणि राहिलेल्याचं घर उघडं पडतं. पॅकेज बसलेलं आहे, जागेवर फाइल नाही.

दुकानात नेमकं हेच झालं होतं. पोरगं खोटं बोलत नव्हतं, त्याने 'आज' हात लावला नव्हता. ॲप्ट स्वतःची रोजनिशी ठेवतो आणि डीपीकेजीही ठेवतो. कोणत्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी, कोणतं पॅकेज आलं आणि गेलं, सगळं त्यात असतं. अशा दुखण्यात मी सर्वांत आधी ही रोजनिशी उघडतो, कारण माणसाला तीन आठवड्यांपूर्वीचं आठवत नाही आणि रोजनिशीला आठवतं. तिथे दिसलं की वीस दिवसांमागे प्रिंटरच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेलं एक पॅकेज बसवलं गेलं होतं, आणि आदल्या रात्री प्रणालीच्या अपडेटमध्ये छपाईची पाच-सहा पॅकेजेस बदलली होती.

"हां, ते बसवलं होतं," तो म्हणाला. "लिगल कागदावर खालच्या दोन ओळी कापल्या जायच्या ना. एकाने सांगितलं, कंपनीचा ड्रायव्हर टाक. टाकताना एरर आला, मग व्हिडिओत सांगितलं तसं केलं."

यापुढच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे; टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टंकायच्या. पहिली आज्ञा मालक विचारण्याची: 'डीपीकेजी', मग एक आडवी रेघ आणि मोठा 'एस', आणि पुढे फाइलीचा पत्ता. उत्तरात प्रणालीच्या पॅकेजचं नाव आलं, कंपनीच्या नव्हे. दावेदार मात्र दोन. मग 'डीपीकेजी व्हेरिफाय'. ही आज्ञा प्रत्येक पॅकेजच्या फाइली आज जागेवर आहेत का आणि मूळच्यासारख्याच आहेत का, ते तपासते. कंपनीच्या पॅकेजची ती फिल्टर फाइल आता त्याची राहिलेली नव्हती, अपडेटने वर दुसरी ठेवली होती. पीपीडी एका घराची, फिल्टर दुसऱ्या घराचा. दोघांची भाषा जुळेना.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तेव्हा एक काढायची. कोणती, हा खरा निर्णयाचा भाग आहे. माझं मत स्पष्ट आहे: प्रणालीच्या भांडारात, म्हणजे ॲप्ट जिथून पॅकेजेस आणतो तिथे, त्या प्रिंटरसाठी चालणारं पॅकेज असेल तर तेच ठेवावं. ते त्या आवृत्तीच्या बाकी सगळ्या लायब्ररींशी जुळवून बांधलेलं असतं आणि पुढचं अपडेटही त्याच घरातून येतं. कंपनीचं पॅकेज एकदा बांधून ठेवलेलं असतं, आणि बाकी प्रणाली पुढे गेली तरी ते तिथेच उभं राहतं. स्कॅनर किंवा एखादी खास सोय फक्त कंपनीच्याच ड्रायव्हरने चालत असेल, तर मात्र ते ठेवावं आणि भांडारातलं काढावं. दोन्ही ठेवून मधला मार्ग काढू नये.

काढतानाही 'रिमूव्ह' नव्हे, 'पर्ज' म्हणावं. नुसतं रिमूव्ह केलं की प्रोग्राम जातो, पण सेटिंगच्या फाइली मागे राहतात. पॅकेजांची यादी मागितली की अशा अर्धवट गेलेल्यांपुढे 'आरसी' अशी दोन अक्षरं दिसतात. नीट बसलेल्यापुढे 'आयआय' असतात. पर्जने घर रिकामं होतं. पण वर सांगितलं तसं, जाणारा सामाईक फाइल घेऊन गेलेला असू शकतो. म्हणून राहणाऱ्या पॅकेजला 'ॲप्ट इन्स्टॉल, रीइन्स्टॉल' असं सांगून पुन्हा बसवायचं. ही पायरी लोक हमखास विसरतात आणि मग म्हणतात, कंपनीचा ड्रायव्हर काढला तरी प्रिंट नाही. मधेच ॲप्ट अडून बसला, दुसरं काहीच बसवू देईना, तर 'ॲप्ट फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' ही आज्ञा अर्धवट राहिलेली कामं पूर्ण करते. मात्र ती देण्याआधी कोणती पॅकेजेस काढणार याची यादी ती दाखवते. ती यादी सावकाश वाचून मगच होकार द्यावा.

अजून एक गोष्ट राहते. प्रिंटर जोडताना कप्स पीपीडीची एक प्रत करून त्या प्रिंटरच्या नावाने आपल्याकडे ठेवतं. ड्रायव्हरचं पॅकेज गेलं तरी ती प्रत तशीच राहते आणि मेलेल्या फिल्टरचं नाव घेत राहते. म्हणून ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पुढे ६३१ हा क्रमांक टाकून कप्सचं पान उघडलं, जुना प्रिंटर यादीतून काढला, नवीन जोडला. अकराला सात मिनिटं कमी असताना पहिला कागद सरकला. आजींचं प्रतिज्ञापत्र आधी छापलं.

मग लिगल कागदाकडे वळलो. खालच्या ओळी का कापल्या जात होत्या? प्रिंटरच्या ठरलेल्या पर्यायांत कागद ए-फोर निवडलेला होता. लिगल कागद ए-फोरपेक्षा सुमारे सहा सेंटीमीटर लांब असतो. फिल्टर ए-फोर समजून पान आखत होता आणि उरलेलं सोडून देत होता. कप्सच्या त्याच पानावर 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स'मध्ये लिगल निवडलं आणि वीस दिवसांपूर्वीचं मूळ दुखणं संपलं. ड्रायव्हरचा त्यात काही दोष नव्हता.

आता जरा दुकानाबाहेर येऊ, कारण पॅकेजांची भांडणं एवढ्या एकाच जातीची नसतात.

काही वेळा मालक दोन नसतात. हवा असलेला शेजारीच गाव सोडून गेलेला असतो. एप्सनच्या अनेक पॅकेजेसना 'एलएसबी' नावाचं पॅकेज हवं असायचं. सगळ्या लिनक्स प्रणालींनी एकसारखं वागावं म्हणून आखलेल्या जुन्या नियमावलीचं ते पॅकेज. २०१५ मध्ये डेबियनने त्या नियमावलीचा पाठपुरावा सोडला, उबंटूतूनही १६.०४ पासून ते पॅकेज गेलं. कंपनीचं पॅकेज मात्र 'एलएसबी आणा' म्हणून हटून बसे. काहींनी 'इक्विव्ह्ज' या साधनाने नुसत्या नावाचं रिकामं पॅकेज बनवून कारकुनाचं समाधान केलं. ते चालतं, पण मला पटत नाही. डेबियनच्या भांडारात 'प्रिंटर-ड्रायव्हर-ईएससीपीआर' या नावाने तोच ड्रायव्हर एप्सनच्याच खुल्या स्रोतातून बांधलेला मिळतो, आणि बहुतेक इंकजेट प्रिंटर त्यावर चालतात. आधी भांडारात शोधावं, मग बाहेर जावं.

दुसरी जात ३२ बिटची. कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत, संस्थांच्या कचेऱ्यांत अजून टिच्चून काम करतो. त्याच्या 'कॅप्ट' ड्रायव्हरचे काही भाग ३२ बिटचे. ६४ बिटच्या प्रणालीवर तो चालवायचा तर डीपीकेजीला आधी 'आय-३८६ ही जातही स्वीकार' असं सांगावं लागतं आणि तिच्या लायब्ररी आणाव्या लागतात. नियम असा की एकच लायब्ररी दोन्ही जातींत बसवली, तर दोघींची आवृत्ती शेवटच्या अंकापर्यंत सारखी हवी. बाहेरच्या एखाद्या भांडारातून ६४ बिटची लायब्ररी पुढे गेली आणि ३२ बिटची मागे राहिली, की ॲप्ट हटून बसतो. अशा वेळी प्रिंटर ड्रायव्हरशी झुंजण्यात अर्थ नसतो. 'ॲप्ट पॉलिसी' ही आज्ञा लायब्ररी कोणत्या भांडारातून आली ते दाखवते. ते बाहेरचं भांडार बंद करून लायब्ररी मूळ आवृत्तीवर आणली की गाठ आपोआप सुटते.

तिसरी जात सर्वांत फसवी, कारण तिथे भांडण झाल्याचं कारकुनाला कळतच नाही. एचपीचा 'एचपीलिप' हा ड्रायव्हर खुल्या स्रोताचा आहे आणि उत्तम आहे. तो भांडारातूनही मिळतो आणि एचपीकडून स्वतः बसणाऱ्या फाइलीच्या रूपातही. ही दुसरी फाइल स्रोत जागेवर बांधून थेट प्रणालीच्या फोल्डरांत ठेवते, डीपीकेजीला न विचारता. म्हणजे सातबाऱ्यावर नाव नाही आणि जमिनीवर घर उभं. पुढचं अपडेट येतं, आपल्या माहितीप्रमाणे फाइली ठेवतं, आणि अर्धा एचपीलिप एका आवृत्तीचा, अर्धा दुसऱ्या आवृत्तीचा होतो. त्यात काही प्रिंटरांना लागणारा बंद स्वरूपाचा 'प्लगिन' हा एचपीलिपच्या नेमक्या त्याच आवृत्तीचा असावा लागतो. तो जुळला नाही की प्रिंटर दिसतो आणि छापत नाही. एकदा एका वाटेने गेलात की परतही त्याच वाटेने या: स्वतः बांधून बसवलेलं आधी त्याच्याच विस्थापनाने काढा, मग भांडारातलं आणा, मग प्लगिन पुन्हा उतरवा.

या प्लगिनची गरज का पडते, याचं उदाहरण म्हणजे एचपीचा लेझरजेट १०२०. या प्रिंटरच्या पोटात स्वतःचा फर्मवेअर कायमचा साठवलेला नसतो. वीज गेली की तो सगळं विसरतो, आणि पुन्हा चालू झाला की संगणकाने त्याला फर्मवेअर पाठवावा लागतो. हे काम एचपीलिपचा प्लगिनही करतो आणि 'फू-टू-झेडजेएस' नावाचा दुसरा खुला ड्रायव्हरही करतो. दोन्ही बसवलेले असतील तर प्रिंटर चालू होताच दोघंही त्याला फर्मवेअर भरवायला धावतात. इथे एकही फाइल सामाईक नाही, त्यामुळे डीपीकेजी गप्प राहतो. भांडण फाइलीवरून नाही, यंत्रावरून असतं. महाराष्ट्रातल्या भारनियमनाच्या गावांत हा प्रिंटर दिवसातून दोनदा विसरतो आणि दोनदा शिकतो. तिथे एकच शिक्षक ठेवणं किती महत्त्वाचं, ते वेगळं सांगायला नको.

अलीकडे यंत्रावरूनच आणखी एक नवं भांडण सुरू झालं आहे. 'आयपीपी-यूएसबी' ही सेवा नव्या प्रणालींत आपोआप येते. २०२१ च्या डेबियन ११ मध्ये ती आहे. यूएसबीने जोडलेला आधुनिक प्रिंटर ती ताब्यात घेते आणि नेटवर्कवरचा असल्यासारखा दाखवते, ड्रायव्हरविना. पण यूएसबीची ती जोडणी एका वेळी एकालाच मिळते. म्हणून एचपीलिप किंवा कंपनीचा ड्रायव्हर त्याच प्रिंटरशी बोलायला जातो तेव्हा त्याला 'संपर्क होत नाही' एवढंच उत्तर मिळतं. लोक ड्रायव्हर चार वेळा बसवतात, केबल बदलतात. सेवा थांबवून पाहायला एक मिनिट लागतं, आणि कोण ठेवायचं हा प्रश्न पुन्हा तसाच समोर येतो.

मुक्त सॉफ्टवेअरच्या मुळाशीही एक प्रिंटर आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सने नवा लेझर प्रिंटर दिला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी सोय करून ठेवली होती, कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जाई. नव्याचा स्रोत मिळेना, म्हणून ती सोय करता येईना. स्रोत ज्याच्याकडे होता त्यानेही करारामुळे तो द्यायला नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभव होता. मला ही गोष्ट इथे महत्त्वाची वाटते, कारण वरच्या सगळ्या भांडणांत सर्वांत अवघडपणे तीच सुटतात जिथे एक पक्ष बंद असतो. खुल्या ड्रायव्हरच्या फाइलीत आत काय आहे ते वाचता येतं, नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधता येतं. बंद फाइल जशी आली तशीच राहते.

आता कप्सचा प्रवास पीपीडी सोडण्याच्या दिशेने चालला आहे. २०१० मध्ये ॲपलचं 'एअरप्रिंट' आलं, नंतर 'आयपीपी एव्हरीव्हेअर' आलं, आणि प्रिंटर आपल्याला काय काय येतं ते स्वतःच सांगू लागले. अशा प्रिंटरला ड्रायव्हरच लागत नाही, मग पॅकेजं भांडणार कशी? कप्सच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरांना जागा नसेल. जुन्या प्रिंटरांसाठी 'प्रिंटर ॲप्लिकेशन' ही नवी रचना होते आहे. त्यात ड्रायव्हर एका बंदिस्त छोट्या प्रोग्राममध्ये बसतो आणि बाहेरच्या जगाला आधुनिक प्रिंटर असल्याचं भासवतो, त्याच्या फाइली दुसऱ्या कुणाच्या अंगणात पडत नाहीत. स्वीट यांनी यासाठी 'पॅपल' ही चौकट लिहिली आहे, आणि टिल कांपेटर यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या 'ओपनप्रिंटिंग'ने जुने ड्रायव्हर या रूपात आणायचं काम हाती घेतलं आहे.

कोर्टासमोरच्या दुकानातला प्रिंटर एअरप्रिंटच्या आधीचा आहे. तो अजून कित्येक वर्षं चालेल, त्याचा ड्रमही गेल्याच वर्षी बदलला आहे. पोराने भिंतीवरच्या कॅलेंडरमागे एक कागद चिकटवून ठेवलाय. त्यावर ठेवलेल्या पॅकेजचं नाव आहे, काढलेल्याचं नाव आहे, तारीख आहे, आणि खाली मोठ्या अक्षरात 'लिगल'.